आग विझते, पण रानाचं काय?

 

गेल्या महिन्यात आमच्या गटाची बैठक झाली. बचत जमा झाली, कर्जाचे हप्ते लिहून झाले, आणि उठता उठता एका ताईंनी विषय काढला. त्या दुसऱ्याचं रान वाट्याने करतात. त्या रानातून तेलाची लाइन गेली आहे, बांधावर तिचा खांब आहे. त्यांच्या मुलाने मोबाइलवर परदेशातल्या कुठल्यातरी तेलाच्या लाइनला लागलेली आग दाखवली, तेव्हापासून त्यांच्या जिवाला घोर लागलाय. त्यावर आमच्यातल्या सगळ्यात जुन्या मावशी म्हणाल्या, "अगं, आगीचं काय एवढं? आपण उसाचं पाचट पेटवतो. डोंगराला वणवा लागतो. एक पाऊस पडला की सगळं हिरवंगार. रान काय कायमचं जळतंय होय?"

प्रश्न मोलाचा होता, आणि आमच्यातल्या कुणालाच त्याचं नीट उत्तर देता आलं नाही. म्हणून आम्ही काही जणींनी यावर वाचलं, जाणकारांना विचारलं. जे कळलं ते आज तुमच्यापुढे ठेवतोय.

आधी एक खुलासा. आपल्याकडे पाइपलाइन म्हटलं की नदीवरून किंवा विहिरीवरून आणलेली पाण्याची लाइन डोळ्यापुढे येते. आपण बोलतोय ती पेट्रोल-डिझेल वाहून नेणाऱ्या पोलादी लाइनबद्दल. मुंबईहून अशी एक लाइन मनमाडकडे जाते. दुसरी पुण्याजवळच्या लोणीला आणि तिथून सोलापूरजवळच्या पाकणीला येते. या लाइन शेतांखालून जातात, साधारण मीटरभर खोल. वर ज्वारी पिकते, कांदा पिकतो, ऊस उभा असतो, त्यामुळे खालून काय वाहतंय याचा विसर पडतो. रस्त्याने टँकर पळवण्यापेक्षा अशी लाइन सुरक्षित मानतात. वर्षानुवर्षं ती मुकाट चालते. तेव्हा घाबरवणं हा आमचा हेतू नाही. पण जी गोष्ट आपल्या रानाखाली आहे, ती बिघडली तर काय होतं हे आपल्याला माहीत असायला हवं.

आता मावशींच्या प्रश्नाकडे येऊ. वणवा आणि तेलाची आग यांत फरक काय?

वणवा वाऱ्याबरोबर पळतो. एका जागी तो काही मिनिटंच टिकतो. गवत जळतं, पण माती उष्णता लवकर खाली जाऊ देत नाही. वरचा बोटभर थर तापतो. त्याच्या खाली गवताची मुळं, गड्डे, बी जिवंत राहतं. म्हणून पहिल्या पावसाला फुटवा येतो. पाचट जाळण्याने जमिनीचा कस कमी होतो, ते कुजवलेलंच बरं, हे आपण मागे बोललो आहोत. पण तरीही तिथे पुढचं पीक येतं.

तेलाच्या आगीत जळण मातीच्या वर नसतं. ते मातीत मुरलेलं असतं. देवापुढची वात आठवा. वात तेल वर ओढत राहते आणि ज्योत तेवत राहते. तेलाने भिजलेली माती त्या वातीसारखी वागते. एकाच जागी तासन् तास, कधी कित्येक दिवस आग राहते. मग मुळं शिजतात, बी मरतं, गांडुळं मरतात. डोळ्यांना न दिसणारे जे जीव काडीकचऱ्याचं खत करतात, तेही मरतात.

आणि आग विझली म्हणजे तेल संपलं असं होत नाही. तेलातला हलका भाग जळतो, उडून जातो. जड भाग मागे राहतो, डांबरासारखा. तो मातीच्या कणांना चिकटतो आणि जमिनीवर टणक खपली धरते. तुपाच्या ताटावर पाणी टाकलं तर ते थेंब थेंब होऊन घरंगळतं, तसं या जमिनीवर पावसाचं पाणी घरंगळतं. खाली ओल जात नाही, मुळांना हवा मिळत नाही. पुढे मातीत उरलेले जीव ते तेल खायला लागतात. ही चांगलीच गोष्ट आहे, पण तेल पचवायला त्यांना मातीतलं नत्र लागतं, हवा लागते. ते सगळं तेच घेतात, आणि नव्याने उगवलेलं रोप पिवळं पडून खुरटतं.

कच्चं तेल आणि पेट्रोल यांतही फरक आहे. जमिनीतून काढलेलं कच्चं तेल जड असतं, ते खपली जास्त धरतं. पेट्रोल हलकं असतं, त्यातलं बरंचसं जळून किंवा उडून जातं. पण जे राहतं ते खाली झिरपतं, आणि झिरपत झिरपत विहिरीच्या पाण्यापर्यंत पोचू शकतं. वरून रान बरं दिसत असलं तरी पाणी नासलेलं असू शकतं.

शेजारच्या रानाचं काय? तिथे आग नसली तरी धूर असतो. त्याची काजळी पानांवर बसते. पानाला बारीक भोकं असतात, त्यांतून ते श्वास घेतं. काजळीने ती बुजतात, ऊन पानापर्यंत पोचत नाही. आणि तीच काजळी वैरणीवर बसून जनावरांच्या पोटात जाते.

हे सगळं एखाद्या मुलखात खरंच घडलंय का? घडलंय. आफ्रिकेत नायजेरिया नावाचा देश आहे. त्याच्या दक्षिणेला, नायजर नदीच्या मुखाजवळ, ओगोनी लोकांचा मुलूख आहे. साधारण एक हजार चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्याकडच्या एखाद्या तालुक्याएवढा. या देशात १९५६ साली तेल सापडलं, आणि लवकरच ओगोनी मुलखात विहिरी आणि लाइन यांचं जाळं झालं. तिथल्या बायका आपल्यासारख्याच शेतात राबणाऱ्या. त्यांचं मुख्य पीक कसावा. आपण एकादशीला ज्याची खिचडी करतो तो साबुदाणा याच कंदापासून होतो. आपल्याला तो उपासाला, त्यांचं मात्र ते रोजचं अन्न. खाडीच्या बाजूला खारफुटीचं जंगल आहे. आपल्या कोकणातल्या बायका ओहोटीला कालवं आणि शिंपल्या काढतात, तसं तिथल्या बायका खारफुटीच्या चिखलातून शिंपले, गोगलगायी गोळा करतात आणि बाजारात विकतात.

या मुलखात लाइन गळत राहिल्या. काही जुन्या होऊन गंजल्या, काही चोरांनी फोडल्या. गळालेलं तेल अनेकदा पेटलं. शेवटी संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण विभागाने तिथे जाऊन तपासणी केली. दोनशेहून जास्त ठिकाणं पाहिली, १२२ किलोमीटर लाइनचा पट्टा तपासला, मातीचे आणि पाण्याचे नमुने घेतले. ऑगस्ट २०११ मध्ये त्यांचा अहवाल आला.

त्यात काय सांगितलंय ते ऐका. जमिनीवर तेल सांडलं की अनेकदा आग लागते. ती झाडंझुडपं मारते आणि जमिनीवर अशी खपली धरते की मग जमीन स्वच्छ करणं आणि पुन्हा हिरवी करणं दोन्ही अवघड होतं. तेल सांडलेल्या जागी उभं पीक जातं, कसाव्यासारखे कंद तर खाण्याच्या लायकीचे राहत नाहीत. पुन्हा शेती सुरू केली तरी पीक आजारी दिसतं आणि उतारा कमी पडतो, असं तिथल्या शेतकऱ्यांनी सांगितलं. खाडीतल्या खारफुटीची पानं झडून गेली होती, आणि मुळांवर डांबरासारखा लेप बसला होता, काही ठिकाणी एक सेंटिमीटर किंवा त्याहून जाड.

एजामा-एबुबू नावाच्या जागी चाळीस वर्षांहून आधी तेल सांडलं होतं. त्यानंतर पुन्हा पुन्हा सफाई करूनही तिथली माती तेलाने भरलेलीच निघाली. मैत्रिणींनो, चाळीस वर्षं म्हणजे आपण सून होऊन आलो तेव्हा जळालेलं रान, आणि आता नातसुनेच्या हाती देतानाही ते तसंच.

आणखी एक गोष्ट त्या अहवालातून शिकण्यासारखी आहे. तिथे सफाई म्हणून वरची माती उलथीपालथी करत आणि पुढचं काम निसर्गावर सोडत. वर थोडं गवत आलं की जमीन सुधारली असं मानत. पण ४९ ठिकाणी पाच मीटर किंवा त्याहून खोल तेल सापडलं. दुसऱ्या एका वस्तीत, भूजलावर आठ सेंटिमीटर जाडीचा तेलाचा थर तरंगत होता. ती गळती सहा वर्षांपूर्वीची होती असं लोकांनी सांगितलं. तिथल्या विहिरींचं पाणी लोक पीत होते. सगळा मुलूख पूर्ववत व्हायला २५ ते ३० वर्षं लागतील, असा अंदाज अहवालाने दिला. म्हणून हिरवं दिसलं एवढ्यावर रान बरं झालं असं धरू नका.

आफ्रिका लांब वाटत असेल तर आपल्या आसामकडे या. २०२० च्या फेब्रुवारीत दिब्रुगड जिल्ह्यात कच्च्या तेलाच्या लाइनमधून तेल बुढी दिहिंग नदीत उतरलं आणि नदीच्या पाण्यावर आग लागली. पाणी पेटल्याचं दृश्य सगळ्या देशाने पाहिलं. त्याच वर्षी मे महिन्याच्या शेवटी शेजारच्या तिनसुकिया जिल्ह्यात बागजान इथे वायूची विहीर फुटली. ती लाइन नव्हती, विहीर होती, पण झाडाझुडपांच्या दृष्टीने तोच धडा. ९ जूनला ती पेटली आणि नोव्हेंबरच्या मध्याला कुठे पूर्ण बंद झाली. आग विझवणारे दोन जवान गेले. हजारो लोक छावण्यांत राहिले. चहाच्या बागा, सुपारीची झाडं, परसातली केळी, जवळच्या अभयारण्याचं गवत, पाणथळ जागा, सगळ्यावर तेलकट थर बसला, आणि विहिरीजवळचं सगळं होरपळून गेलं. परसातल्या सुपारीवर आणि केळीवर घर चालवणारी बाई तिथेही आहे. तिचं काय झालं असेल ते आपल्याला कुणी सांगायला नको.

आता माणसांबद्दल बोलू, कारण रानापेक्षा जीव मोठा. नायजेरियातल्या जेसी गावाजवळ ऑक्टोबर १९९८ मध्ये लाइनमधून पेट्रोल सांडत होतं. लोक डबे, बादल्या घेऊन भरायला गेले. भडका उडाला आणि हजारावर माणसं गेली. मेक्सिको देशात त्लाउएलिल्पान नावाच्या गावात १८ जानेवारी २०१९ ला हेच झालं. चोरांनी लाइनला भोक पाडलं होतं, पेट्रोलचं कारंजं उडत होतं, आणि घरच्या घरी फुकट पेट्रोल मिळतंय म्हणून शेकडो लोक जमले. संध्याकाळी आग लागली. १३७ जीव गेले. ते रान कशाचं होतं माहीत आहे? लसूणघासाचं. आपण म्हशीला कापून घालतो त्याच घासाचं.

पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते. ती दिसत नाही. सरीत, चारीत, खोलगट जागी साचून राहते. मोटारसायकलची किल्ली फिरवली, बिडी पेटवली, तेवढी ठिणगीसुद्धा पुरते. म्हणून कुठेही गळती दिसली तर कुणीही भांडं घेऊन जायचं नाही, आपल्या घरच्या पुरुषांना आणि पोरांनाही जाऊ द्यायचं नाही. हे एक वाक्य आजच्या कार्यक्रमातून घरी घेऊन जा.

मग आपण करायचं काय? इथे आपलं खुरपं कामाला येतं. लाइन गळायला लागली की अनेकदा पहिली खूण पीक देतं. चांगल्या ओलीतल्या हिरव्या पिकात मधेच एक पट्टा किंवा गोल पिवळा पडतो, सुकतो, आणि तो नेमका लाइनच्या रेषेवर असतो. मातीला पेट्रोलचा किंवा रॉकेलसारखा वास येतो. पाणी दिल्यावर सरीत इंद्रधनुष्यासारखे रंग तरंगतात. न पाऊस, न पाणी, तरी एखादी जागा ओली दिसते. किंवा लाइनवर कुणीतरी खड्डा काढून नव्याने बुजवलेला दिसतो. लाइनवर गस्त घालणारा माणूस येऊन जातो, पण पाण्याला, खुरपणीला, वैरणीला आपण रोज असतो. हे आपल्याच डोळ्यांना आधी दिसणार.

असं काही दिसलं तर तिथे थांबायचं नाही, मोटार सुरू करायची नाही. वारा ज्या बाजूने येतोय त्या बाजूला लांब जायचं आणि मग फोन लावायचा. लाइनच्या खांबावर कंपनीचा फोन नंबर लिहिलेला असतो. तो आजच उतरवून गटाच्या वहीच्या पहिल्या पानावर लिहा. तो लागला नाही तर ११२ लावा. पोलीस पाटलांना आणि सरपंचांना कळवा.

लाइनच्या पट्ट्याबद्दल १९६२ सालचा एक कायदा आहे. त्या पट्ट्यात नेहमीचं पीक घेता येतं. पण घर बांधायचं नाही, विहीर किंवा शेततळं खोदायचं नाही, झाड लावायचं नाही. बांधावर आंबा लावायची हौस असेल तर पट्टा सोडून लावा. आणि जेसीबी बोलावण्याआधी लाइन कुठे आहे ते कंपनीच्या माणसाकडून दाखवून घ्या.

कधी वाईट झालंच, तर आग विझल्यावरही काम संपत नाही. त्या रानातली आणि शेजारची काजळी बसलेली वैरण जनावरांना घालू नका. विहिरीचं पाणी तपासून येईपर्यंत पिऊ नका, जनावरांनाही पाजू नका. काळी पडलेली माती घाईने नांगरून खाली गाडू नका, तेल आणखी खोल जातं. जमीन बरी करता येते. तेल खाणारे जिवाणू वापरायची पद्धत आपल्या देशातही आहे. दिल्लीच्या टेरी संस्थेने 'ऑइलझॅपर' नावाचं असं जिवाणूंचं मिश्रण तयार केलेलं आहे. पण ते जाणकारांनी करायचं काम आहे, त्याला महिने लागतात, आणि काम झाल्यावर खोलवरच्या मातीची आणि पाण्याची पुन्हा तपासणी मागायला हवी. ओगोनी मुलखाने एवढी किंमत मोजून हाच धडा दिलाय.

आता शेवटची गोष्ट, आणि आम्हाला सगळ्यात महत्त्वाची वाटते ती हीच. पंचनामा होतो तेव्हा सातबारा पाहतात. सातबाऱ्यावर नाव पुरुषाचं. वाट्याने रान करणाऱ्या आमच्या त्या ताईंचं नाव कुठेच नाही. जी खुरपायला जाते तिचा बुडालेला रोज लिहिला जात नाही. बांधावरचं गवत, शेवग्याचं झाड, सरपण, परसातला भाजीचा वाफा, यांची नोंद होत नाही, कारण ते बाईचं जग आहे आणि पंचनाम्याला बाई उभी नसते. म्हणून उभं राहा. गटाने मिळून उभं राहा. मोबाइलवर फोटो काढा. किती पेंढ्या वैरण गेली, किती झाडं गेली, किती दिवस काम बुडालं, हे वहीत लिहा आणि पंचनाम्यात लिहायला लावा. वाट्याचा व्यवहार तोंडी असेल तर तोही आजच कागदावर आणा.

धोकादायक पदार्थांच्या अपघातात नुकसान झालेल्यांसाठी १९९१ सालचा कायदा आहे. त्यात चूक कुणाची हे सिद्ध न करताही कलेक्टरांकडे मदतीसाठी अर्ज करता येतो. पर्यावरणाच्या नुकसानीसाठी राष्ट्रीय हरित न्यायाधिकरण आहे, त्याचं खंडपीठ पुण्यात आहे. आणि वकिलाचा खर्च कुठून करायचा म्हणून गप्प बसू नका. बाईला उत्पन्न कितीही असलं तरी मोफत कायदेशीर मदतीचा हक्क आहे. तालुक्याच्या कोर्टात विधी सेवा समिती असते, तिथे जाऊन विचारा.

हे सगळं आम्ही पुढच्या बैठकीत सांगितलं. मावशी शांतपणे ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "म्हणजे वणवा वरचं खातो आणि ही आग रानाचं पोट खाते." मग त्यांनीच त्या वाट्याने करणाऱ्या ताईंना सोबत घेतलं, दोघी बांधावरच्या खांबापर्यंत गेल्या आणि नंबर उतरवून आणला. आमच्या वहीत तो आता पहिल्या पानावर आहे. तुमच्या गावातून लाइन जात असेल तर तुमच्याही वहीत असू द्या. आणि जात नसेल तर जिच्या गावातून जाते अशी बहीण, मावशी, लेक आठवा आणि तिला हे सांगा.

पुढच्या वेळी पुन्हा भेटू. तोवर जिवाला जपा, रानाला जपा. नमस्कार.